टपावरच्या अँटेनाची काडी मोडली, आता आख्खा बेस बदलायचा का?

प्रश्न : नमस्कार काका, आमची ८ वर्षं जुनी हॅचबॅक आहे, मागच्या आठवड्यात शेतातून येताना बाभळीच्या फांदीला अडकून अँटेनाची काडी तुटली, खालचा काळा बेस शाबूत आहे पण स्क्रूचा तुकडा त्यातच राहिला. मेकॅनिक म्हणतो आख्खा बेस बदला, छताचं कापड उतरवावं लागेल. वडिलांना गाडीत परभणी केंद्र ऐकायची सवय आहे, आता नुसती खरखर. दुकानात शार्कच्या परासारखा चिकटवायचा अँटेना स्वस्तात मिळतोय, तो लावू का?
– एक वाचक, सेलू

उत्तर : दादा, तो चिकटवायचा पर घेऊ नका. त्यातले बहुतेक नुसते प्लास्टिकचे असतात, आत तारच नसते आणि असली तरी ती तुमच्या बेसला जोडलेली नसते, मग रेडिओला सिग्नल जाणार कुठून?

एफएमला खरं तर पाऊण मीटरच्या आसपास उभी काडी लागते, म्हणून छोट्या काडीत बारीक तार गुंडाळलेली असते आणि बऱ्याच गाड्यांत बेसमध्ये सिग्नल वाढवणारा एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो, त्याला रेडिओकडून १२ व्होल्ट येतात. परभणी केंद्र तर मिडियम वेव्हवर, १३०५ किलोहर्ट्झ, तिथं काडी नसली की पहिला फटका बसतो. म्हणजे बिघाड काडीचाच असण्याची शक्यता जास्त, बेस फेकायची घाई नको.

तुकडा काढायचं असं करा. गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर राहू द्या. तुकडा थोडा वर डोकावत असेल तर हॅकसॉच्या पात्यानं त्यावर खाच पाडा आणि चपट्या स्क्रूड्रायव्हरनं हळूच उलटा फिरवा, बऱ्याचदा निघतो. आतच बसला असेल तर एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे तुटका स्क्रू काढायचं हत्यार लागतं, आधी मधोमध बारीक भोक पाडून त्यात ते उलटं फिरवतात, हे काम लेथवाल्याकडून करून घ्या, घरी ड्रिल सरकलं तर बेसचे आटे खराब होतात आणि मग मेकॅनिकचंच खरं होतं.

नवी काडी घेताना जुना तुकडा सोबत न्या. बऱ्याच गाड्यांना ५ मिलिमीटरचे आटे असतात, काहींना ६, युनिव्हर्सल काडीसोबत वेगवेगळे स्क्रू येतात त्यातला नेमका बसवा. हातानंच आवळा, पाना लावू नका.

एवढं करूनही खरखर राहिली तर मात्र बेस बघा. तो उघडून तारेवर हिरवट-पांढरा गंज दिसला तर पाणी शिरलंय, मग बेस बदला, पण नवा घेताना खालचं रबर नवंच हवं आणि बेसचे दात छताच्या पत्र्याला नीट टेकले पाहिजेत, नाहीतर अर्थिंग मिळत नाही. छताचं कापड उतरवायची वेळ आलीच तर गाडीला कर्टन एअरबॅग (छताच्या कडेला कापडाखाली असते ती) आहे का ते आधी विचारा, असेल तर ते काम माहितगाराकडेच द्या.

आणि हो, मोबाईलचा स्वस्त चार्जर लावलेला असला की मिडियम वेव्हवर भलतीच खरखर येते. वडिलांना गाडीत बसवा, चार्जर उपसून बघा. काडी येईपर्यंत बेसच्या भोकावर टेप मारून ठेवा, पावसाचे दिवस आहेत.