माणसाच्या हाडांची जनुकं शोधायला उंदीरच का? (प्रश्न म्हापशाहून, बीएस्सी प्राणिशास्त्र)

कारण सांगाडा घडवणारी मुख्य जनुकं दोघांत जवळपास तीच आहेत, आणि उंदरात एखादं जनुक बंद पाडून काय बिघडतं ते बघता येतं. माणसात तसं करता येत नाही. शिवाय वेळ वाचतो: चवथीला गाभण राहिलेली मादी घटस्थापनेआधी व्यालेली असते, गर्भकाळ जेमतेम १९-२० दिवसांचा. फोंड्यात बारावीला जीवशास्त्र शिकवताना मी रनएक्स-२ या जनुकाचं उदाहरण देतो. १९९७ साली त्याच्या दोन्ही प्रती (एक आईकडची, एक बापाकडची) काढलेली पिल्लं जन्मली तेव्हा सांगाडा होता, पण सगळा कूर्चेचा, म्हणजे कानाच्या पाळीच्या वरच्या भागात असते तशा लवचिक, मऊ हाडाचा. असा सांगाडा रंगवून बघतात: कूर्चा निळी, हाड लाल. इथे लाल जवळजवळ नाहीच! श्वास घेता न आल्याने पिल्लं जन्मताच मेली. एकच प्रत गेलेली पिल्लं मात्र जगली, फक्त कॉलरबोन अपुरं आणि कवटीच्या फटी भरायला उशीर. कॉलरबोन नसल्यामुळे दोन्ही खांदे छातीपुढे जवळ आणू शकणारी माणसं डॉक्टरांना आधीपासून ठाऊक होती. त्यांच्यातही याच जनुकाची एक प्रत बिघडलेली निघाली, तीही त्याच वर्षी.

एक मात्र ध्यानात ठेवा. माणसाच्या लांब हाडांच्या टोकांजवळच्या वाढीच्या कूर्चापट्ट्या तारुण्यात मिटतात, उंदरात त्या पूर्ण मिटत नाहीत. त्यामुळे गर्भातल्या घडणीसाठी उंदीर भरवशाचा. उंची कधी थांबते हे विचारायचं असेल तर जपून.