‘ही लाईन मला जमणार न्हाई’

मी समुपदेशक आहे. इंटर्नशिप निम्मी झाली की विद्यार्थ्यांची एक ठरावीक तक्रार माझ्याकडं यायला लागते. तिथं कुणी काही शिकवत नाही, हमाली करून घेतात, आणि ज्याला खरं काम म्हणतात ते आपल्याला जमत नाही. म्हणजे लाईनच चुकली. आता दुसरं काही बघावं का? ही तक्रार इंजिनिअरिंगच्या मुलांची असते, बी.कॉम.वाल्यांची असते, बँकेत बसवलेल्यांचीही असते. त्यातली एक गोष्ट सविस्तर सांगते, कारण तिच्यात दोन वेगळे त्रास इतके गुंतले होते की त्या मुलीला ते एकच वाटत होते.

तिला मेघा म्हणू. नाव बदललंय, काही तपशीलही बदललेत, आणि लिहायला तिची संमती आहे. खानापूर तालुक्यातली मुलगी. दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढं बेळगावात कॉलेज, विषय पत्रकारिता. वडील उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, आई शेती आणि म्हशी बघते. इंटर्नशिपसाठी तिला शहरातलीच एक छोटी पीआर, म्हणजे जनसंपर्काची, एजन्सी मिळाली. दोन खोल्या, चार माणसं. गिऱ्हाइकं म्हणजे एक दवाखाना, एक साड्यांचं दुकान, एक कोचिंग क्लास, एक बिल्डर.

"मॅडम, मी सकाळी पेपर कापतो, दुपारी टायपिंग करतो, संध्याकाळी फोनवर शिव्या खातो," ती म्हणाली. (आमच्याकडं मुलीही ‘करतो, जातो’ असंच बोलतात.) "दीड महिना गेला. पप्पा विचारालेत, काय शिकलीस? काय सांगू?"

आधी पेपर कापण्याचं बघू. सकाळच्या बसनं येऊन मराठी, कन्नड, इंग्रजी असा पेपरांचा गठ्ठा चाळायचा, गिऱ्हाइकाची बातमी सापडली की कापून कागदावर चिकटवायची आणि वर पेपरचं नाव, आवृत्ती, तारीख, पान क्रमांक लिहायचा. मग बातमीनं किती जागा घेतली ते पट्टीनं मोजायचं, त्याला त्या पानाच्या जाहिरात दरानं गुणायचं आणि ‘एवढ्या रुपयांची प्रसिद्धी मिळाली’ असा तक्ता गिऱ्हाइकाला पाठवायचा. या हिशेबाला फारसा अर्थ नाही असं मेघाला वाटत होतं. तिचं बरोबर होतं. या धंद्यातल्याच लोकांनी २०१० साली बार्सिलोनाच्या परिषदेत जाहीर केलं की जाहिरातीच्या दरावरून जनसंपर्काच्या कामाची किंमत ठरत नाही. तक्ते मात्र अजून बनतात, कारण गिऱ्हाइकाला रुपये समजतात.

मी तिला विचारलं, दवाखान्याची बातमी कोणत्या पेपरात कुठल्या पानावर येते? ती सुरू झाली. कोण आरोग्याच्या बातम्या करतो, खानापूर-निपाणीच्या बातम्या कुठल्या पानावर पडतात, कुठला पेपर पाठवलेलं जसंच्या तसं छापतो आणि कुठला फक्त दोन ओळी घेतो. एकच निवेदन, म्हणजे पेपरांना पाठवायचा मजकूर, तीन भाषांत करताना काय होतं तेही सांगितलं: कुणाला युनिकोड चालतं, कुणाला श्रीलिपीच लागते, कन्नडवाल्यांतले काही नुडी मागतात, आणि फॉन्ट बदलला की ‘क्ष’चं काहीतरी भलतंच होतं. दहा मिनिटं न थांबता बोलली. हे सगळं तुला दीड महिन्यापूर्वी माहीत होतं का, एवढंच मी विचारलं. ‘काही शिकलो नाही’ हे वाक्य नंतर तिनं वापरलं नाही. इतक्या सहज सुटणाऱ्या तक्रारी कमी असतात, म्हणून हे थोडक्यात.

फोनचं तसं नव्हतं.

निवेदन मेलवर पाठवलं की वार्ताहराला फोन करायचा, पोचलं का विचारायचं, त्यात काय आहे ते दोन वाक्यांत सांगायचं. एवढंच काम. पण फोन हातात घेतला की मेघाच्या पोटात गोळा यायचा. काय बोलायचं ते ती अख्खं पान लिहून काढायची आणि वाचून दाखवायची. समोरच्यानं मध्येच प्रश्न विचारला की ओळ हरवायची. एका वार्ताहरानं विचारलं होतं, "यात बातमी काय आहे?" ते तिला कानफटात मारल्यासारखं लागलं. कन्नड पेपरात फोन केला की पलीकडून ‘हेळ्री’ (बोला) ऐकू येई आणि हिची जीभ टाळ्याला चिकटे. बाजारातलं कन्नड तिला येतं, भाजी आणि बसपुरतं. पण ऑफिसातलं कन्नड चुकलं तर? आणि मराठीत बोललं नि समोरचा चिडला तर? सीमाभागात भाषेच्या भांडणाच्या गोष्टी ऐकतच मुलं मोठी होतात. त्यामुळं साध्या फोनवरही एखादा वाद उभा राहील अशी धास्ती आधीच मनात असते. प्रत्यक्षात दिवसभर या शहरात तीन भाषांत खरेदी-विक्री चालते आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही, हा भाग अलाहिदा.

फोन कधी करतेस, असं मी विचारलं.

"सहानंतर."

वार्ताहराची संध्याकाळ म्हणजे पान लावायची घाई. हे मला माहीत आहे, तर पत्रकारिता शिकणाऱ्या मुलीला माहीत असणारच. मग सहानंतर का?

थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या वेळेला उचलत न्हाईत, मॅडम."

भीतीची युक्ती अशी असते. कुणी उचलला नाही की हायसं वाटतं, आणि वहीत ‘फोन केला, उचलला नाही’ असं प्रामाणिकपणे लिहिता येतं. पण ज्यांनी उचलला ते कामाच्या गर्दीत होते, त्यामुळं तोडून बोलले. म्हणजे लोक तोडून बोलतात म्हणून ती घाबरत होती, आणि घाबरून अशी वेळ निवडत होती की लोकांनी तोडूनच बोलावं. शिवाय टाळल्यावर मिळणारं ते हायसंपण मेंदूला बक्षिसासारखं वाटतं. पुढच्या वेळी तो टाळायची मागणी आणखी जोरात करतो. ‘हळूहळू सवय होईल’ असं घरचे म्हणतात ते म्हणूनच अर्धवट खरं आहे. टाळत राहिलं तर सवय टाळण्याचीच होते.

इथवर सरळ होतं. फोनच्या भीतीवर काय करायचं हे आम्हा समुपदेशकांना बऱ्यापैकी ठाऊक असतं. पण उठता उठता ती म्हणाली, "आणि रिव्ह्यूचं कामपण मला झालं न्हाई. सर म्हणाले, तुझ्यात धाडसच न्हाई."

कसले रिव्ह्यू? तर कोचिंग क्लासचे. पाच-सहा मेल आयडी उघडायचे आणि वेगवेगळ्या विद्यार्थ्यांच्या नावानं इंटरनेटवर क्लासचं कौतुक लिहायचं. चार दिवस ती आज करतो, उद्या करतो म्हणत होती. हे न जमणं आणि फोन न जमणं तिनं एकाच यादीत घातलं होतं: मी भित्री, मी कामचुकार, ही लाईन मला जमणार न्हाई.

मी दोन प्रश्न विचारले. पहिला: पलीकडचा माणूस तुझ्यावर अजिबात ओरडणार नाही अशी हमी दिली, तर फोन करशील? "करतो की." दुसरा: कुणाला कधीच कळणार नाही अशी हमी दिली, तर रिव्ह्यू टाकशील?

"न्हाई." विचार न करता.

पहिल्या ठिकाणी भीती काढून घेतली की काम होतं. दुसऱ्या ठिकाणी भीती काढून घेतली तरी काम होत नाही, कारण तिथं अडवणारी गोष्ट भीती नाहीच. ते तिला पटत नाही. दोन्ही वेळा पोटात गोळाच येतो, म्हणून गोंधळ होतो. पहिल्या गोळ्यावर उपाय करायचा असतो. दुसऱ्यावर उपाय करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. धाडस शिकवण्याच्या नावाखाली मुलांची बोचणी बोथट करणारी माणसं कामाच्या ठिकाणी भेटतातच. त्यात समुपदेशकांनी भर घालायला नको.

तिच्याच अभ्यासक्रमात आयव्ही ली आहे, जनसंपर्काच्या धंद्यातला एक आद्य माणूस. अमेरिकेतल्या कोळसा खाणमालकांचं काम करताना १९०६ साली त्यानं वर्तमानपत्रांना कळवलं होतं की आमचं काम उघड चालतं, आम्ही अचूक बातमी पुरवतो, आणि यातलं काही जाहिरात खात्याकडं जायला हवं असं वाटलं तर ते वापरू नका. मेघानं परीक्षेत त्याच्यावर उत्तर लिहिलेलं होतं. "तो पेपरपुरता लिहून सोडूनच दिला होता, मॅडम," ती हसून म्हणाली. आपल्याकडंही ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्युरोचं २०२२ चं मानक आहे, आयएस १९०००. पैसे देऊन किंवा खोट्या नावानं लिहून घेतलेले रिव्ह्यू त्यात बसत नाहीत. हे तिला सांगितलं ते एवढ्यासाठी की नकार देताना ‘मला भीती वाटते’ असा सूर लागू नये.

नकाराची वाक्यं तिनं स्वतः तयार केली. पहिल्या मसुद्यात तीनदा ‘सॉरी’ होतं. शेवटी उरलं ते असं: "सर, क्लासच्या जुन्या मुलांना फोन करून त्यांना खरं लिहायला सांगतो. दुसऱ्यांच्या नावानं मी लिहिणार नाही." नुसता नकार न देता दुसरं काम पुढं करायचं, हे तिचं डोकं. त्या दुसऱ्या कामात फोन होता हे तिच्या लक्षात आलं का, मी विचारलं नाही.

फोनसाठी आम्ही वही केली. फोनच्या आधी एक ओळ: काय होईल असं वाटतं. नंतर एक ओळ: काय झालं. पहिले फोन एजन्सीचे नव्हतेच. गॅस एजन्सीत नंबर लावणं, कॉलेजच्या ऑफिसात फीची तारीख विचारणं. मग ओळखीचा एक मराठी वार्ताहर, मग अनोळखी, मग कन्नड. पान भरून लिहायचं बंद. कागदावर तीनच शब्द: कोण, काय, कधी. आणि वेळ दुपारची, बारा ते तीनमधली. ही अट तिला सगळ्यांत जड गेली, कारण त्या वेळी लोक फोन उचलतात.

कन्नड फोनसाठी तिनं सुरुवातीचं एकच वाक्य पक्कं केलं: "ननग कन्नड स्वल्प बर्तद्री." मला कन्नड थोडं येतं. वहीत आधी लिहिलं होतं, ‘हसतील’. नंतर लिहिलं, ‘सावकाश बोलले’. दुसऱ्यानं सरळ मराठीतच बोलायला सुरुवात केली. तिसरा खरोखर वैतागला आणि मेल करा म्हणून त्यानं फोन ठेवला. हा तिसरा महत्त्वाचा. सगळे छान बोलले असते तर ती नशीब म्हणाली असती. त्या संध्याकाळी तिनं लिहिलं होतं: ‘ठेवला. वाईट वाटलं. चहा प्यायलो. पुढचा केला.’

‘यात बातमी काय आहे’ हा प्रश्नही तिनं पुन्हा तपासला. दवाखान्याचं ते निवेदन दोन पानांचं होतं आणि त्यात डॉक्टरांच्या कौतुकाशिवाय काही नव्हतं. मोफत तपासणी शिबिराची तारीख आणि ठिकाण शेवटच्या ओळीत. वार्ताहरानं अपमान केलाच नव्हता, त्यानं धंद्यातला पहिला प्रश्न विचारला होता. पुढच्या वेळी तिनं शिबिर पहिल्या ओळीत घेतलं. छापून आलं, लहानसंच.

रिव्ह्यूचं पुढं काय झालं? साहेबांनी तोंड वाकडं केलं आणि ते काम दुसऱ्या मुलाला दिलं. मेघानं जुन्या विद्यार्थ्यांना फोन केले. काहींनी चांगलं सांगितलं, काहींनी फीचा आणि रद्द झालेल्या तासांचा विषय काढला. असलं काही क्लासला नको होतं. प्रमाणपत्र उशिरा मिळालं, त्यात ‘समाधानकारक’ असा कोरडा शब्द होता. ती नाराज झाली, आणि तसं होणं साहजिक आहे. पटत नाही ते न करण्याची किंमत कधीकधी एवढीशी असते, कधी मोठीही असते. ती नसतेच असं मी मुलांना सांगत नाही.

एक सांगायला हवं. मेघाची भीती एका कामापुरती होती. जेवण, झोप, मैत्रिणी, सगळं ठीक होतं. वर्गात तोंड उघडणं, दुकानात बोलणं, लोकांसमोर जेवणं अशा सगळ्याचीच धास्ती महिनोन् महिने असेल, कॉलेजच बुडायला लागलं असेल, तर वही पुरत नाही, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावं. सरकारची टेली-मानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. ज्याला फोनचीच भीती त्याला फोन नंबर देणं विचित्र वाटेल, पण पहिला फोन आई, भाऊ, मैत्रीण कुणीही लावून दिला तरी चालतो.

शेवटी वडील एकदा येऊन गेले, फाउंड्रीतली पाळी संपवून. "मॅडम, साधं सांगा. हिला ह्याच लाईनीत ठेवू, का बी.एड.ला घालू?"

मी म्हटलं, दोन खोल्यांच्या एका ऑफिसावरून ते कसं ठरवणार? तिला अजून एक जागा बघू दे. मोठ्या दवाखान्याचा जनसंपर्क विभाग, एखादा कारखाना, नाहीतर पेपरच. काम पटतंय का ते तिथं कळेल. आता तिला फोन करता येतो, त्यामुळं निदान न जमण्याचं कारण भीती आहे की काम, एवढं तरी वेगळं काढता येईल.

त्यांना हे उत्तर फारसं आवडलं नाही. त्यांनी मुलीकडं वळून विचारलं, "पगार किती असतोय ह्यात?"

मेघानं ऑफिसातल्या सीनियर मुलीचा आकडा सांगितला.

"माझ्यापेक्षा कमी की गं!"

"सुरुवातीला, पप्पा," ती म्हणाली, आणि दोघंही बसची वेळ झाली म्हणून निघाले. बी.एड.चं अजून ठरलेलं नाही. दुसऱ्या इंटर्नशिपसाठी हुबळीतल्या एका दवाखान्यानं तिला भेटायला बोलावलंय.