वाचकांचे प्रश्न : बांबेर्गची धुरकट बिअर आणि तिथलं जेवण

जर्मनीत बायर्न (बव्हेरिया) राज्याच्या उत्तर भागात, फ्रांकेनमध्ये रेग्निट्स नदीवर बांबेर्ग हे जेमतेम पाऊण लाख वस्तीचं गाव आहे. जुनं गाव १९९३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. स्वतःची बिअर गाळून तिथेच जेवणासोबत वाढणारी घरं या गावात अजून बरीच आहेत. न्यूर्नबेर्ग-एर्लांगेनकडे नोकरी-शिक्षणासाठी राहणाऱ्या वाचकांकडून या गावाबद्दल आलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

नाशिकहून आई-बाबा येणार आहेत. बाबा बिअर घेतात, आई घेत नाही. एका दिवसात बांबेर्ग करायचं तर कुठे आणि कसं जावं? (एर्लांगेन)

गाडी घरी ठेवा आणि रेल्वेने जा. न्यूर्नबेर्गहून निघणारी एस-१ लोकल एर्लांगेन, फोर्खहाइम करत बांबेर्गलाच जाते. प्रादेशिक गाड्याही आहेत, अर्ध्या-पाऊण तासात पोचाल. बायर्न तिकीट काढणार असाल तर आठवड्याच्या कामाच्या दिवशी ते सकाळी ९ नंतरच चालतं, हे लक्षात असू द्या. शनिवारी दुपारी प्रसिद्ध घरांत उभं राहायला जागा नसते, ऑगस्टच्या शेवटाला झांडकेर्वा जत्रेत तर मुळीच नसते. वयस्कर माणसं बरोबर असताना मंगळवार ते गुरुवार बरा. प्रत्येक घराचा आठवड्याचा सुट्टीचा दिवस, म्हणजे ‘रूहेटाग’, वेगळा असतो. तो आणि गरम जेवणाच्या वेळा आदल्या दिवशी बघून ठेवा. दुपारी दोन-अडीचनंतर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद होतं आणि संध्याकाळपर्यंत थंड पदार्थच मिळतात.

एका दिवसात दोन घरं पुरेत. पाच-सहा घरांना धावती भेट देण्यात पोटालाही सुख नाही आणि जिभेलाही काही कळत नाही. क्रमही महत्त्वाचा. आधी ‘श्पेत्सिआल’ला जा. स्टेशनवरून चालत दहाएक मिनिटांवर, ओबेरे क्योनिगश्ट्रासेवर १५३६ पासून चालत आलेलं हे घर आहे. बांबेर्गची धुराची बिअर (जवाचे मोड लाकडाच्या धुरावर वाळवून केलेली) इथेही मिळते, पण धूर हलका. सवय नसलेल्या जिभेची ओळख इथे व्हावी. मग रमत-गमत नदी ओलांडा, पुलावर बांधलेलं जुनं नगरगृह आईंना दाखवा आणि डोमच्या, म्हणजे मोठ्या चर्चच्या, पायथ्याशी ‘श्लेंकर्ला’त जेवायला बसा. तिथली मेर्त्सन बिअर ५.१ टक्क्यांची आणि धुराने पुरेपूर भरलेली असते. आधी श्लेंकर्ला आणि मग श्पेत्सिआल केलं तर दुसरी बिअर पाणचट वाटेल, आणि तिच्यावर तो अन्याय होईल.

आत शिरल्यावर कोणी हात धरून बसवेल याची वाट पाहू नका. मोठ्या टेबलावर जागा दिसली की तिथल्या लोकांना ‘इस्ट हिअर नोख फ्राय?’ म्हणजे ‘इथे जागा आहे का?’ एवढं विचारा आणि बसा. अनोळखी माणसांशेजारी बसणं तिथे अगदी रोजचं आहे. फक्त ‘श्टामटिश’ अशी पाटी असलेलं टेबल सोडा, ते रोजच्या मंडळींचं असतं. अर्ध्या लिटरला तिथे ‘झाइडला’ म्हणतात. आणखी थोडीच हवी असेल तर ‘श्निट’ मागा. तोटी पूर्ण उघडून झरकन भरलेला, अर्ध्याहून थोडा जास्त बिअर आणि वर भरपूर फेस असलेला हा ग्लास कमी पैशात मिळतो. वाढणारी बाई किंवा बुवा पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने रेघा मारतात. तोच तुमचा हिशेब, म्हणून चकती दुमडू किंवा फाडू नका. पैसे टेबलावरच द्यायचे. बिल २७ युरो ४० झालं तर ‘तीस’ म्हणून सांगायचं, टीप त्यातच आली. रोख रक्कम जवळ असू द्या, कार्ड सगळीकडे चालेलच असं नाही.

आईंसाठी ‘आपफेलशोर्ले’ मागवा, म्हणजे सफरचंदाचा रस आणि सोडा. साधं पाणी आपणहून टेबलावर येत नाही. बाटली विकत घ्यावी लागते आणि बुडबुडे नको असतील तर ‘श्टिल’ म्हणावं लागतं. ‘आल्कोहोलफ्राय’ लिहिलेल्या बिअरमध्ये जर्मन नियमाने अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकतं. आई कटाक्षाने पाळत असतील तर शोर्लेच बरं.

श्लेंकर्लाची बिअर तोंडाला लावली तर भाजलेल्या मांसाचा वास आला. खराब होती का? (फ्युर्थ)

खराब नव्हती, तीच तिची ओळख. बिअरसाठी जवाला मोड आणतात आणि मग ते ओले मोड वाळवतात, तोच माल्ट. इथे ते जाळीवर पसरून खाली बीच झाडाच्या लाकडाचा जाळ करतात. धूर मोडांमधून वर चढतो आणि लाकडाच्या धुरातली ग्वायाकॉल, सिरिंगॉल ही द्रव्यं दाण्यावर बसतात. धुरवलेल्या मांसावरही नेमकी हीच द्रव्यं असतात. तुमच्या नाकाने मांस ओळखलं, प्रत्यक्षात ओळखला तो धूर. बिअरमध्ये मांसाचा अंश नाही. चुलीत भाजलेल्या वांग्याचं भरीत आठवा, त्या वासाशी हिचं जवळचं नातं आहे.

पूर्वी लाकडाच्या उघड्या जाळावर माल्ट वाळवत, तेव्हा धूर सगळ्याच बिअरमध्ये थोडाफार उतरत असे. गरम हवा वेगळ्या नळांतून खेळवणाऱ्या भट्ट्या आल्या, माल्ट स्वच्छ वाळू लागला आणि धूर गेला. बांबेर्गच्या या दोन घरांनी मात्र स्वतःचा माल्ट स्वतः धुरवणं सोडलं नाही.

पहिले दोन घोट सोडून द्या. नाकाला धुराची सवय झाली की तिसऱ्या-चौथ्या घोटाला खाली दडलेली माल्टची गोडी आणि शेवटचा हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा) कडवटपणा लागतो. श्लेंकर्लात ती लाकडी पिंपाला तोटी ठोकून, वायूचा दाब न देता नुसत्या उताराने ग्लासात येते. म्हणून बुडबुडे कमी असतात आणि ती शिळी वाटू शकते, पण ती तशीच असायची. तिथलीच ‘हेलेस’ मागितलीत तर तीत धुराचा माल्ट नसतो, तरी त्याच भांड्यांमुळे आणि त्याच यीस्टमुळे धुराची पुसट झाक येते. भीड चेपायला ती छान.

आम्ही शाकाहारी आहोत. तिथे पावाशिवाय काही मिळेल का? (न्यूर्नबेर्ग)

मिळेल, पण यादीत मांस लिहिलेलं नाही म्हणजे पदार्थात नाही, असं धरू नका. फसगत होते ती बाजूच्या पदार्थांत. साउअरक्राउट, म्हणजे आंबवलेली कोबी, बहुधा डुकराच्या चरबीत किंवा बेकनसोबत शिजवतात. लाल कोबीचंही पुष्कळदा तसंच. दक्षिण जर्मनीत बटाट्याच्या सॅलडवर मेयोनेझ न घालता गरम मांसरस ओततात. बटाट्याचे मोठे गोळे, ‘क्ल्योसे’, स्वतः शाकाहारी असतात, पण ताटात येतात ते मांसाच्या रश्शात बसून. म्हणून ‘ओने झोसे’ (रस्सा नको) आणि ‘ओने श्पेक’ (बेकन नको) हे दोन शब्द पाठ करा.

निर्धास्त मागवण्यासारखं : ‘केझेश्पेट्सले’, म्हणजे चीजमध्ये घोळलेल्या मऊ शेवया, वर तळलेला कांदा. पिठात अंडं असतं. ‘त्सिबेलेसकेस’ म्हणजे चक्क्यासारखं ताजं चीज, त्यात चिरलेला कांदा आणि कांद्याची हिरवी पात, सोबत ‘राय’ या धान्याचा पाव (आपली राई, म्हणजे मोहरी, नव्हे). आपल्या जिभेला हे सगळ्यात लवकर आवडतं. ‘गेरुप्फ्टर’मध्ये पिकलेलं कामाँबेर चीज लोण्यात कुस्करून त्यात कांदा, पाप्रिका आणि शहाजिरं घालतात. खारट, तिखटसर गोळा असतो, धुराच्या बिअरला उत्तम जोड. जनावरांचं रेनेट (चीजसाठी दूध विरजवणारं द्रव्य) चालत नसेल तर चीजबद्दल मात्र विचारावंच लागेल.

उन्हाळ्यात आणखी एक सोय आहे. टेकड्यांच्या पोटात बिअर थंड ठेवायची तळघरं होती आणि त्यांच्या माथ्यावर चेस्टनटच्या सावलीत बाकं मांडलेली असतात. त्याला ‘केलरवर जाणं’ म्हणतात. पेय तिथलं आणि खाणं घरून, अशी फ्रांकेनमधल्या अनेक केलरांची रीत आहे. दारात विचारून घ्या. चालत असेल तर थेपले, बटाट्याची सुकी भाजी आणि शेंगदाण्याची चटणी खुशाल उघडा.

एक झाइडला घेऊन गाडी चालवली तर? (हेर्त्सोगेनआउराख)

नको. अर्ध्या लिटरमध्ये ५.१ टक्क्यांनी सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल जातं. ६० किलोच्या स्त्रीच्या रक्तात तेवढ्याने ०.५ प्रति हजारची कायदेशीर मर्यादा गाठली जाऊ शकते. २१ वर्षांखालच्यांना आणि परवान्याच्या पहिल्या दोन वर्षांत मर्यादा शून्य आहे. चालवण्यात चूक झाली तर ०.३ वरही गुन्हा ठरतो. शरीर तासाला ०.१ ते ०.१५ च उतरवतं, कॉफीने त्यात फरक पडत नाही. हिवाळ्यातली ‘उरबॉक’ ६.५ टक्के आणि नाताळातली ‘आइखे’ ८ टक्के असते, तिथे हिशेब आणखी बदलतो.

‘बांबेर्गर त्स्वीबेल’, म्हणजे खिमा भरलेला कांदा, घरी करता येईल का? (म्यून्शन)

येईल. दोन-अडीचशे ग्रॅमचे चार मोठे कांदे सोला, टोपी कापा आणि चमच्याने कोरा. बाहेरचे दोन-तीन पापुद्रे राहू द्या. भिंत एका पापुद्र्याची राहिली तर कांदा ओव्हनमध्ये बसतो आणि सारण बाहेर येतं. ३०० ग्रॅम डुकराचा खिमा, दुधात भिजवून पिळलेला एक पाव, एक अंडं, कोरलेल्या कांद्यापैकी अर्धा बारीक चिरून परतलेला, पार्सली, मार्जोरम, किसलेलं जायफळ, मीठ, मिरपूड हे एकत्र करून भरा. ठासू नका, शिजताना सारण फुगतं. टोपी ठेवा. भांड्यात पाव लिटर धुराची बिअर आणि पाव लिटर मांसरस ओता, १८० अंशांवर ४५ ते ५० मिनिटं ठेवा आणि मधून दोनदा तोच रस वरून घाला. शेवटी वर बेकनची कुरकुरीत पट्टी. रस फार आटवू नका, हॉप्सचा कडवटपणा त्यात गोळा होतो. तरी कडू झालाच तर लोण्याचा छोटा तुकडा आणि चिमूटभर साखर घाला. सोबत बटाट्याचा लगदा.

भारतात बाटल्या नेता येतील का? (पुणे)

भारतात उतरणाऱ्या प्रवाशाला मद्य २ लिटरपर्यंत करमुक्त आहे, म्हणजे अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या. त्या मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या सामानात चालणार नाहीत. प्रत्येक बाटली मोज्यात, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि कपड्यांच्या मधोमध, बॅगेच्या कडेला नको. घरी पोचल्यावर एक दिवस फ्रिजमध्ये उभी ठेवा, गाळ असेल तर खाली बसतो. प्यायच्या आधी दहा मिनिटं बाहेर काढा. बर्फगार बिअरमध्ये धूर कळत नाही, ८-९ अंशांवर तो उघडतो.