लाटवियाचा गान-नृत्य महोत्सव भारतातून मुद्दाम जाऊन पाहावा का?

होय, अवश्य पाहावा. मात्र ‘हजारो हौशी लोक एकदम गातात, त्यात संगीत कितीसे असणार’ अशी शंका माझा मावसभाऊ नेहमी काढतो. तो शास्त्रीय गायन शिकलेला आहे आणि या महोत्सवाला ‘कवायत’ म्हणतो. मला ते मुळीच मान्य नाही.

नोकरीनिमित्त मी लाटवियाची राजधानी रीगामध्ये राहत असताना माझी एक सहकारी तेथील गायकवृंदात आल्टो, म्हणजे स्त्रियांचा खालच्या पट्टीतला भाग, गात असे. २०२३च्या महोत्सवाआधी तिच्या तालमीला बसण्याची परवानगी मला मिळाली. एका स्वरमेळात (एकाच वेळी गायलेल्या निरनिराळ्या स्वरांत) काहीतरी खटकताच वृंदसंचालकांनी सर्वांना थांबवले आणि आधी केवळ बास (पुरुषांचे खालच्या पट्टीतले आवाज), मग टेनर (पुरुषांचे वरच्या पट्टीतले), मग दोन्ही मिळून, अशी तीच ओळ पुन्हापुन्हा गाऊन घेतली. दिवसभर काम करून आलेली ती माणसे कुरकुर न करता गात राहिली, कारण परीक्षकांसमोर गाऊन पात्र ठरल्याखेरीज महोत्सवात प्रवेश नसतो. पुढे रीगामधल्याच मेझापार्कच्या खुल्या रंगमंचावर दहा हजारांहून अधिक गायक उभे राहिले, तेव्हा त्या मेहनतीचे कारण मला उमगले. आवाजाला शंभर मीटर जायला सुमारे ०.३ सेकंद लागतात; पलीकडच्या टोकाचा सूर ऐकून गायल्यास लय मागे पडणारच, म्हणून प्रत्येकाला कानापेक्षा संचालकाच्या हातावर विसंबावे लागते. इतक्या कंठांतून एकाच वेळी निघालेला अत्यंत हळुवार सूर मी तेथे ऐकला आहे.

शिवाय कवायत आज्ञेवर चालते. सोव्हिएत राजवटीत, १९८५च्या महोत्सवात, लाटवियन संगीतकार याझेप्स वीतोल्स यांची ‘गाइस्मास पिल्स’ (प्रकाशाचा किल्ला) ही राष्ट्रभावना जागवणारी रचना कार्यक्रमातून वगळली होती. तरी लोकांनी तिची मागणी लावून धरली आणि वृंदसंचालक हाराल्ड्स मेड्निस यांच्या संचालनाखाली ती गायली गेलीच. मावसभावाकडे याला उत्तर नाही.

१८७३ साली सुरू झालेला हा महोत्सव आता साधारण पाच वर्षांनी भरतो, त्यामुळे पुढचा २०२८मध्ये अपेक्षित आहे. समारोपाच्या मैफलीची तिकिटे फार लवकर संपतात. ती न मिळाल्यास रंगीत तालमीचे तिकीट घ्यावे. नृत्यासाठी उंचावरची जागा निवडावी, कारण हजारो नर्तकांनी मैदानावर रेखलेल्या आकृत्या खालून नीट दिसत नाहीत. गीते बहुतांशी लाटवियन भाषेत असतात आणि मैफल कित्येक तास चालते, हेही ध्यानात ठेवावे. सोबत शंका घेणारा कोणी असल्यास त्याला आधी एखाद्या लहान वृंदाची तालीम ऐकवावी.