‘माझ्या हातून झालं’ आणि ‘मी केलं’

एकच प्रश्न इतक्या वेळा ऐकलाय की आता लिहूनच टाकते. "देवापुढे पाप कबूल केलं, रडलो, क्षमा मागितली, तरी हे सगळं अजून का भोगतोय? क्षमा मिळालीच नाही का?" विचारणारे नवखे नसतात बरं का, अर्धं बायबल पाठ असलेली माणसं असतात. त्यातल्या एकांची गोष्ट सांगते, त्यांची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

गृहस्थ पन्नाशीचे, चर्चमध्ये मान असलेले. पहिल्या दिवशी म्हणाले, "मॅडम, माझ्या हातून एक गोष्ट झाली. आईच्या आजारपणात कागदपत्रांमध्ये थोडं इकडचं तिकडे झालं आणि बहिणीला जरा कमी गेलं." त्याला आठ वर्षं झाली. बहीण तेव्हापासून येत नाही. रोज पहाटे हे गुडघ्यावर, उपास वेगळे. आणि तरी झोप नाही, पाठ दुखते, मुलाचं ठरलेलं लग्न मोडलं. "देव वसूल करतोय," म्हणाले.

मी आधी त्या गाठोड्यातून दोन वस्तू बाहेर काढल्या, पाठ आणि लग्न. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली तेव्हा ती जास्त पापी होती असं तुम्हाला वाटतं का, असं येशूने विचारलं आणि स्वतःच नाही म्हणाला (लूक १३). प्रत्येक दुखण्यामागे हिशेब शोधायचा नाही, पाठीसाठी डॉक्टरकडे जायचं. पण उडालेली झोप, बहिणीचं बंद झालेलं दार, नातेवाईकांचा फोन वाजला की छातीत होणारी धडधड, हे काही आभाळातून पडलेलं नाही, ते केलेल्या गोष्टीला लागलेलं फळ आहे.

मग त्यांनी हुकमी पान काढलं, जे माझ्याकडे येणारे निम्मे लोक काढतात. "दावीद राजाने देवाला म्हटलंय ना, तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केलंय. म्हणजे देवाला सांगितलं की विषय संपला." मी म्हटलं, अहो, त्याच ५१ व्या स्तोत्राच्या अगदी वर काय लिहिलंय ते वाचा. मुख्य गवयासाठी! म्हणजे राजाने आपली कबुली गाणाऱ्यांच्या हातात दिलीय, आणि कोणत्या प्रकरणाची ते बथशेबाचं, म्हणजे ज्या परस्त्रीशी त्याने व्यभिचार केला तिचं, नाव घालून लिहिलंय. झाकायला वापरतो आपण ते वचन, तो तर उघडं करून बसला होता. हे बोलताना मला स्वतःलाच जरा बरं वाटलं, कबूल करते.

त्यांना मात्र काही झालं नाही. मान हलवली आणि गेले.

तीन-चार भेटी अशाच गेल्या. आणि मग एकदा ते प्रार्थनेची वही घेऊन आले, आठ वर्षांची. मी पानं उलटत गेले. जवळजवळ प्रत्येक पानावर तेच वाक्य, "प्रभू, माझ्या हातून चुका झाल्या." झाल्या. शेकडो वेळा झाल्या, पण केल्या असं एकदाही नाही! इतक्या वर्षांच्या कामात मी एक शिकलेय, माणसाचं दुःख नंतर ऐका, आधी क्रियापदं ऐका.

मी त्यांना मोशेच्या भावाची, अहरोनाची गोष्ट काढायला लावली, निर्गम ३२. लोकांना पुजायला सोन्याचं वासरू त्यानेच कोरणीने घडवलेलं, आणि मोशेने जाब विचारल्यावर काय म्हणतो? सोनं आगीत टाकलं आणि हे वासरू बाहेर आलं. ते वाचून ते खळखळून हसले. हसता हसता गप्प झाले. बराच वेळ गप्प. माझा हात वहीवरच होता, मीही काही बोलले नाही.

"आईला शेवटी पेन धरवत नव्हतं," ते म्हणाले. "मी सही केली. आधी एका जुन्या पाकिटाच्या मागे गिरवून बघितली. तिच्या उशाशीच बसलो होतो. ती जागी होती का मला माहीत नाही."

आठ वर्षांतली ती त्यांची पहिली कबुली. योहानाच्या पहिल्या पत्रात आपल्या मराठी बायबलमध्ये किती नेमका शब्द वापरलाय बघा, पापं ‘पदरी घेतली’ तर. नुसती सांगितली तर असं नाही म्हटलेलं. मुलाला पदरी घेतात तसं, हे माझं आहे म्हणून.

आता प्रश्न उरतो भोगण्याचा. दाविदाने मी पाप केलंय म्हटल्याबरोबर त्याला जाब विचारायला आलेला संदेष्टा नाथान म्हणाला, परमेश्वराने तुझं पाप दूर केलंय. आणि पुढच्याच दमात परिणाम सांगितले, तेही टळले नाहीत. क्षमा म्हणजे देवाशी नातं पुन्हा जुळणं, बँकेतले कागद आपोआप दुरुस्त होणं नव्हे. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात पाप कबूल करायला सांगितलंय, पूर्ण भरपाई करायला सांगितलंय आणि वर पाचवा हिस्सा जास्त द्यायला, सगळं एकाच वाक्यात. कॅथलिक मंडळींचं कन्फेशन फादर मरेपर्यंत कोणाला सांगत नाहीत, पण चोरलेलं परत करा असं तेही सांगतात.

लोक विचारतात की मग सगळ्या चर्चसमोर उभं राहायचं का. अजिबात नको. ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यापुढे जायचं, बाकीच्यांना तमाशा दाखवायचा नाही. जाताना ‘पण’ घरी ठेवायचा, "मी चुकलो पण तू तरी आईकडे कुठे बघत होतीस" ही कबुली नाही, भांडण आहे. समोरच्याने लगेच माफ करावं हा हट्टही नको, आपला भार उतरावा म्हणून तिच्या डोक्यावर ठेवायचा का? आणि प्रकरण कायद्यात जाणारं असेल तर आधी वकिलाशी बोला. खोटी सही हा गुन्हा आहे, तिने तक्रार केली तर तो तिचा हक्क, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. ते दोन आठवडे आलेच नाहीत, मला वाटलं गेले.

पण ते बहिणीकडे गेले होते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "किती वेळा गिरवलीस?"

"अकरा वेळा," हे म्हणाले. ती उठून आत गेली ती बाहेर आलीच नाही.

तिसऱ्या दिवशी मेसेज आला, वर ना खाली काही, नुसता खाते नंबर. तो मला दाखवून विचारत होते, मॅडम, म्हणजे माफ केलं का तिने? मी म्हटलं, ते मला कसं कळणार, तुम्ही पैसे भरा.

"पाचवा हिस्सा धरून काढलेत," म्हणाले आणि खिशातून हिशेबाचा कागद काढला.