नोव्हेंबरात पेन्शन काउंटरवर बसताना

तुझा बँकेतला हा पहिलाच नोव्हेंबर, म्हणून आधीच सांगून ठेवते. हयातीच्या दाखल्यासाठी, म्हणजे पेन्शनर हयात असल्याच्या दरवर्षीच्या पुराव्यासाठी, रांग लागेल. केंद्र सरकारच्या ऐंशी ओलांडलेल्या पेन्शनरांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, तेव्हा नेहमीच्या आजी-आजोबांना फोन करून गर्दीआधीच बोलावून घे.

जन्मभर भांडी घासलेल्या, शेतात राबलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात. दाखल्यासाठी बोट लावलं तरी मशीन ठसा घेत नाही. अशा वेळी त्यांचं बोट धरून दाबू नकोस आणि ‘आजी, नीट ठेवा ना’ असं तर मुळीच म्हणू नकोस. त्यांनी नीटच ठेवलेलं असतं. बोट पुसायला ओलसर फडकं दे, दुसरं बोट लावून बघ. नाहीच जमलं तर चेहऱ्यावरून पडताळणी २०२१ पासून आहेच, नाहीतर कागदी फॉर्म. मशीन घेत नाहीये, तुमचं काही चुकलेलं नाही, एवढं मात्र तोंडाने सांग. त्या खरंच घाबरलेल्या असतात, पेन्शन बंद होईल म्हणून.

नवरा गेल्यावर फॅमिली पेन्शनसाठी आलेल्या बाईंना ‘कधी एक्स्पायर झाले?’ असं काचेआडून मोठ्याने विचारू नकोस. आत खुर्चीवर बसव. लागणारे सगळे कागद एकदाच, मोठ्या अक्षरात लिहून दे. एका झेरॉक्ससाठी तिसरी खेप घालायला लावणं मला तरी क्रूरपणाच वाटतो.

आणि मुलगा सोबत आला असला तरी आजोबांशीच बोल. खातं त्यांचं आहे.