बाबांची पट्टी, तुझी पट्टी

प्रिय ‘तानपुरेवाली’,

वाचकांसाठी तुझं पत्र आधी थोडक्यात सांगते. वय सत्तावीस. वडील ख्यालगायकीतलं मोठं नाव, वय सहासष्ट. पाचव्या वर्षापासून तालीम त्यांच्याकडेच, आणि गेली दहा वर्षं त्यांच्या मागे तानपुरा आणि गायनसाथ. बाबा काळी एक या पट्टीत गातात (पट्टी म्हणजे हार्मोनियमच्या ज्या स्वरावर गाण्याचा षड्ज, म्हणजे ‘सा’, धरतात ती; काळ्या पट्ट्यांचा आकडा वाढला की सूर चढतो), तू स्वतंत्र गातानाही काळी दोन ठेवतेस, कारण ‘तिथे आवाज घट्ट बसतो’. गेल्या महिन्यातल्या मैफलीनंतर आयोजक कौतुकानं म्हणाले, “डोळे मिटले तर पंडितजीच!” आणि परतीच्या गाडीत तू रडलीस. आता आडनाव टाकावं का, मुंबईतल्या एका बाईंकडे बाबांना न सांगता शिकायला जावं का, आणि डिसेंबरातल्या महोत्सवात बाबांच्या आधीचा अर्धा तास घ्यावा का, असे तुझे तीन प्रश्न आहेत.

त्या तिन्हींच्या आधी एक चौथी गोष्ट आहे आणि ती तू ओघात लिहून गेली आहेस: काळी दोन.

बहुतेक स्त्री-आवाज काळी तीन ते काळी पाचच्या आसपास खुलतात. समज, तुझी खरी पट्टी काळी चार आहे. मग बाबांचा पंचम (प) तो तुझा षड्ज. (मंद्र, मध्य, तार म्हणजे खालचं, मधलं, वरचं सप्तक.) बाबांचा मध्य षड्ज तुझ्या मंद्र मध्यमावर (म) पडतो आणि त्यांचा तार षड्ज तुझ्या मध्य मध्यमावर. म्हणजे दहा वर्षं तू तुझ्या आवाजाच्या खालच्या मजल्यावरच राहिलीस. त्यांच्या तार गंधार-मध्यमापर्यंत गेलीस तरी तुझा धैवत-निषादच येतो. त्यापुढचा तार षड्ज, रिषभ, गंधार, म्हणजे जिथे तुझ्या आवाजाची झळाळी असायची, ती जागा कच्ची राहिली. खाली ‘घट्ट’ वाटतं, कारण तिथे रोजची वहिवाट आहे. गायिका गंगूबाई हनगलांच्या पुरुषी, भरदार आवाजाचं उदाहरण इथे लागू होत नाही. त्यांचा आवाज घशाच्या शस्त्रक्रियेनंतर तसा झाला होता, कुणाच्या मागे बसून नव्हे.

उडी मारू नकोस. काळी दोनवरून पांढरी तीन, मग पांढरी चार, अशी एकेका अर्धस्वरानं वर जा आणि प्रत्येक ठिकाणी पंधरा-वीस दिवस थांब. पट्टी सापडल्याची खूण अशी: मंद्र पंचम कुजबुजल्यासारखा न होता वाजतो आणि तार पंचम मान न ताणता लागतो. सुरुवातीला वरचे स्वर पातळ वाटतील. ते पातळपण घालवायला बाबांसारखा आवाज भरायला जाशील, तिथेच घसा बसतो. बसलेला आवाज दोन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखव. आणि तुझ्या पट्टीचा जनानी तानपुरा वेगळा घे. मर्दानी तानपुऱ्याच्या तारा काळी चारपर्यंत ताणल्या की जवारी (तारेचा घुमणारा झंकार) बिघडते आणि तार तुटते ती वेगळीच. मिरजेत तुझ्या पट्टीला योग्य जाडीच्या तारा लावून देतात.

दुसरी तपासणी श्वासाची. यमनचा चाळीस मिनिटांचा रियाज ध्वनिमुद्रित कर आणि ऐकताना जिथे जिथे श्वास घेतलास तिथे कागदावर खूण कर. मग बाबांचं अलीकडचं ध्वनिमुद्रण त्याच पद्धतीनं ऐक. श्वास एकाच जागी सापडतील. बाबा सहासष्टाव्या वर्षी अर्ध्या ओळीत थांबतात, कारण दम पुरत नाही, आणि त्या थांबण्यालाही त्यांनी अनुभवानं सौंदर्य दिलंय. तुझा दम शाबूत आहे, तरी तू तिथेच थांबतेस. वारसा म्हणून तू त्यांचं म्हातारपण उचललंयस! त्यांची तिशी-चाळिशीतली ध्वनिमुद्रणं काढ. तिथे तान एका दमात कुठवर जाते ते पाहा. घराणं तिथे आहे.

आता आडनाव. टाकू नकोस. सतारवादक रविशंकरांची मुलगी नोरा जोन्स अमेरिकेत आईकडे वाढली, तिचं संगीत वेगळं, श्रोता वेगळा, त्यामुळे वडिलांचं नाव नसताना तिचं सगळं उभं राहू शकलं. तू त्याच गायकीत, त्याच श्रोत्यांपुढे गाणार आहेस. दोन फोनांत कुणाची मुलगी हे कळतं आणि मग ‘नाव लपवलं’ ही नवी चर्चा सुरू होते. त्यापेक्षा परिचयाचा मजकूर स्वतः लिहून आयोजकांना दे. पहिल्या वाक्यात तू आणि तुझं गाणं, बाबांचा उल्लेख तिसऱ्या ओळीत, गुरू म्हणून. ‘यांच्या सुकन्या’ हे पत्रिकेवर मोठ्या अक्षरात येणार नाही, हे बिदागीबरोबरच लेखी ठरव. तोंडी सांगितलेलं छपाईपर्यंत टिकत नाही. निमंत्रणाचे फोन बाबांच्या किंवा त्यांचं काम पाहणाऱ्या माणसाच्या नंबरवर जाता कामा नयेत. तिथूनच ‘दोघंही या ना’ हे जमतं.

नावामुळे पहिलं बोलावणं येतं, ते खुशाल घे. मोजायचं ते दुसरं. एक वही कर: कुणी बोलावलं, काय गायलीस, त्याच आयोजकानं दोन वर्षांत पुन्हा विचारलं का. दहापैकी तिघा-चौघांनी पुन्हा बोलावलं तर गाणं पोचतंय. सगळी बोलावणी पहिलीच असतील तर अजून नावच गातंय, आणि तेव्हा कार्यक्रम कमी करून रियाज वाढवायचा.

नाव बाजूला ठेवून गाणं ऐकलं जाईल अशीही एक जागा आहे: आकाशवाणीची ध्वनिचाचणी. तिथे परीक्षकांपुढे आवाज असतो, वंशावळ नाही. बी, बी-हाय, ए, टॉप यांपैकी जी श्रेणी मिळेल ती तुझी. कमी आली तर मनाला लागेल, पण एवढं स्वच्छ उत्तर घरात आणि ओळखीत कुणी देणार नाही.

बाईंकडे जरूर जा, पण चोरून नाही. एखादी नवी मींड (स्वरावरून स्वरावर घसरत जाणं), सम (तालाची पहिली मात्रा) गाठण्याची वेगळी तऱ्हा बाबांच्या कानाला एका मैफलीत कळेल, आणि त्यांना ती तुझ्या तोंडून ऐकायच्या आधी तिसऱ्याच्या तोंडून कळली तर घरात वर्षभर अबोला. घराबाहेरची तालीम हा द्रोह नाही. गायिका हिराबाई बडोदेकर किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची मुलगी. १९२२च्या सुमारास आई मुलांना घेऊन वेगळी झाली आणि हिराबाईंचं गाणं घडलं ते वहीद खाँसाहेब आणि भाऊ सुरेशबाबू माने यांच्याकडे. किराणा घराण्यातच राहून त्या वडिलांपेक्षा वेगळ्या गायल्या. किशोरीताई आमोणकरांची तालीम आई मोगूबाईंची, कडक जयपूर घराण्याची, तरीही त्या भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडे शिकल्या. पुढे त्यांनी विलंबितातली (संथ लयीतली) आलापी लयीच्या जयपुरी बांधणीतून मोकळी केली. जाणकारांनी बोल लावले, पण ते गाणं मोगूबाईंची नक्कल म्हणून कुणाला ऐकता आलं नाही.

बाबांना विचारताना ‘मला दुसरा गुरू हवा’ असं म्हणू नकोस. एक नेमकी उणीव घेऊन जा: “बाबा, बोलआलापात माझी लय ढिली पडते. या बाईंचं ते अंग चांगलं आहे. तुम्ही त्यांच्याशी बोलाल का?” बोलणं त्यांच्याकडून गेलं की मान राहतो. सकाळी, त्यांचा रियाज झाल्यावर विचार. मैफलीहून परतल्यावर, चारचौघांत किंवा शिष्यांसमोर तर मुळीच नाही. नाही म्हणाले तर पंधरा दिवसांनी पुन्हा विचार. बाईंकडे किमान दोन वर्षं जायची तयारी ठेव, सहा महिन्यांत फक्त जागा (गाण्यातले खास तुकडे) उचलता येतात. आणि मुंबईच्या आधी घरातच बघ: बाबांच्या सर्वांत जुन्या शिष्येकडे त्यांच्या उमेदीतल्या तालमीच्या वह्या असतील. त्या जुन्या शिष्येनं वीस वर्षं शिकूनही तुझ्याइतकी व्यासपीठं पाहिली नसतील, ही सल त्यांच्या मनात असू शकते. शिकायला म्हणून गेलीस तर ती सल थोडी उतरेल आणि तुला एक कान मिळेल, जो बाबांना ओळखतो पण तुझा बाप नाही.

रियाज त्यांच्या कानाआड कर. आतल्या खोलीतून “गंधार!” अशी हाक येते, आणि ती बरोबरच असते, तोवर तुझा कान स्वतः गंधार तपासत नाही. रोज दीड तास तरी दुसरी खोली, दुसरं घर, काहीही.

बाबांचे गाजलेले राग, अभंग, नाट्यपदं तीन वर्षं बाजूला ठेव. फर्माईश आली तर हात जोड. सकाळचा एक, दुपारचा एक, संध्याकाळचे दोन, रात्रीचा एक असे पाच राग घे, प्रत्येकात बाबांनी न गायलेल्या दोन बंदिशी बसव आणि प्रत्येक राग चाळीस मिनिटं उभा राहील असा कर. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत वर्षभर पुरेल इतकं आहे. अडचण बंदिश मिळण्याची नाही. नव्या बंदिशीतही मुखडा (समेवर येणारा सुरुवातीचा तुकडा) जुन्या वळणानं येतो, म्हणून पहिले आठ दिवस ती फक्त ठेक्यावर, तान न घेता गा. मग सांगली, बेळगाव, धारवाड, फोंडा अशा ठिकाणी चाळीस-पन्नास माणसांच्या घरगुती बैठकी, नव्वद मिनिटांच्या, वर्षाला दहा-बारा. यात पैसे फार मिळत नाहीत. शिकवण्या कर, पण बाबांचे विद्यार्थी घेऊ नकोस. राजशेखर मन्सूर थोर गायक मल्लिकार्जुनअण्णांचे चिरंजीव, पण धारवाडच्या विद्यापीठात इंग्रजी शिकवून ते गात राहिले. बिदागीसाठी कुणाच्या मागे जावं लागू नये, ही मोठी मोकळीक आहे.

डिसेंबरचा अर्धा तास घेऊ नकोस. लोक बाबांसाठी येऊन बसत असतात, कान तयार नसतात, आणि तू संपवतेस त्याच क्षणी तुलना सुरू होते. आयोजकांना आजच कळव की पुढच्या वर्षी एक सकाळचं सत्र स्वतंत्र द्या, तासाभराचं, बाबा नसतील त्या दिवशी. यंदा मुलगी म्हणून जा. ग्रीनरूममध्ये दोन्ही तानपुरे काळी एकला लाव, बाबांना जवारी ऐकव आणि मागे बस. त्यांनी मान वळवून खूण केली तर षड्ज धर, पण त्यांचा आलाप पुढे नेऊ नकोस.